उशाशी उभं राहण्याचं काम

भूल चढताना माणूस जे बोलतो, ते त्याच्या घरच्यांनीही कधी ऐकलेलं नसतं. ते ऐकायला त्या वेळी उशाशी एकच माणूस असतं, आणि बरीच वर्षं ते माणूस मी होते. हैदराबादेत गौलीगुड्याच्या अंगाला एक जुनं धर्मादाय इस्पितळ आहे. तिथे मी भूलतज्ज्ञ होते. दक्खनी बोलणारे लोक मला ‘बेहोशीकी डाक्टरनी’ म्हणत, तेलुगू बायका ‘मत्तु डॉक्टरम्मा’ म्हणत, आणि मराठी माणसं भूल देणाऱ्या बाई म्हणून मोकळी होत.

सुई टोचली की आम्ही पेशंटला आकडे मोजायला सांगतो. माणूस आयुष्यभर कुठल्याही भाषेत व्यवहार करो, त्या दारापाशी आला की लहानपणच्या भाषेत शिरतो. चिक्कडपल्लीच्या एक आजी होत्या. घरात दोन पिढ्या तेलुगूच चाललेली. सुनेनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, की यांना आता मराठी आठवत नाही. आजींनी ‘ओकटी, रेंडू’ अशी सुरुवात केली, मग ‘तीन, चार’ म्हणाल्या आणि मग अगदी स्पष्ट म्हणाल्या, “आई, दिवा बारीक कर गं.” सुलतान बाजारातला एक कापडवाला भूल चढता चढता हातानं हवेत कापड मोजत होता आणि कुणा आपाला, म्हणजे ताईला, सांगत होता की रंग जाणार नाही. मी या बोलण्यांची कधी कुठे वाच्यता केली नाही. ती ऐकत ऐकत मात्र माझं तारुण्य कधी सरलं ते कळलं नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना वैद्यकीय क्षेत्रातल्या नेतृत्वावर लेख हवा होता. मी म्हटलं, बाई, पुढे चालणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मला मागे चालण्याचा अनुभव आहे, चालेल का? त्या हसल्या. त्यांना वाटलं असावं की म्हातारी विनयानं बोलते आहे. विनय वगैरे काही नाही. मागे चालणं हेही शिकावं लागतं, आणि डॉक्टरांना ते मुळीच येत नाही. शाळेत पहिला नंबर काढलेली सगळी मुलं एका इमारतीत कोंडली, तर दुसरं काय होणार?

आमच्या कामाची रीत आधी सांगते. ऑपरेशनच्या टेबलावर सर्जन पोटाशी उभा राहतो, भूलतज्ज्ञ डोक्याकडे. ऑपरेशन सर्जनचं, नाव सर्जनचं, मिठाईचा पुडाही त्याच्याच घरी जातो. पण सुरी लावण्याआधी त्याला मान वर करून मला विचारावंच लागतं, “घेऊ का?” मी “घ्या” म्हटल्याशिवाय तो हात पुढे करत नाही. ही रीत मला फार आवडायची. मी त्याच्या मागे चालणारी, पण पेशंटच्या श्वासाची राखण माझ्याकडे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असं आपण म्हणतो. आमच्या धंद्यात पुढच्याला ठेच लागायच्या आधी मागच्यानं हाक मारायची असते.

हाक मारायची कशी, हे मी एका जुन्या सर्जनसाहेबांच्या हाताखाली शिकले. साहेबांना कुणी दुरुस्त केलेलं खपत नसे. नातेवाइकांसमोर बोललं की ते आणखीच हट्टाला पेटत. मग मला एक जागा सापडली. ऑपरेशनच्या आधी सर्जन मोरीच्या नळाशी कोपरापर्यंत हात धूत उभा असतो. तेव्हा त्याला फोन घेता येत नाही, दार आपटून जाता येत नाही, बोटसुद्धा रोखता येत नाही. मी तिथे शेजारी जाऊन हळू आवाजात सांगायची, साहेब, आजच्या पेशंटचं मला असं असं वाटतं. साहेब पाण्याकडे बघत ऐकून घेत. आत गेल्यावर तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगत. सुरुवातीला माझा जळफळाट व्हायचा. पुढे वाटायला लागलं की पेशंट वाचला ना, मग श्रेय कुणाच्या का खिशात जाईना.

आता मूळ गोष्टीकडे येते. राज्याच्या वाटणीची धामधूम चालू होती ती ही वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा. आणि नेमकी त्याच काळात आमच्या इस्पितळाचीही वाटणी निघाली, म्हणजे उलटी, जोडणी. आमच्याकडे हाडांचं थिएटर वेगळं, पोटाचं वेगळं, बायकांचं वेगळं, आणि प्रत्येकाचा आपापला संस्थानिक. हे सगळं मोडून एकच मोठं नवं थिएटर करायचं, सर्वांची ऑपरेशनं एकाच यादीत लावायची, आणि या सगळ्यावर एक नवा प्रमुख नेमायचा, असं विश्वस्तांनी ठरवलं.

ती जागा मला मिळेल असं सगळे म्हणत होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती हवी होती. मी सगळ्यांत जुनी होते. तिन्ही थिएटरं मी पाहिलेली होती. विश्वस्तांनी नेमलं डॉ. श्रीनिवासला. तो सर्जन, माझ्याहून कितीतरी लहान. शिकाऊ असताना श्वासाची नळी कशी घालायची हे मी त्याचा हात धरून शिकवलेलं. घरी आमचे हे म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. मी त्यांना गप्प केलं खरं, पण रात्रीच्या जेवणात मला चव लागली नाही. पुढे बरेच दिवस लागली नाही.

हाडांचे डॉ. मुकुंद माझे समवयस्क, स्नेही, आणि मराठी मंडळातले शेजारी. त्यांनी मला रोज जिन्यात गाठायला सुरुवात केली. आमच्या इस्पितळात खऱ्या बैठका जिन्यातच होत. तुम्ही फक्त हात वर करा मालतीबाई, पोराचं महिन्याभरात पितळ उघडं पडेल, असं ते म्हणत. मी एकदा त्यांना म्हटलं, जे भांडायचं ते बैठकीत भांडू. आणि भांडलेही. बायकांचं छोटं थिएटर बंद करू नका, अडलेल्या बाळंतिणीला यादीत थांबवता येत नाही, असं मी श्रीनिवासला सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि निर्णय माझ्या विरुद्ध दिला. नव्या जागेत बाळंतिणींसाठी एक टेबल कायम मोकळं ठेवू, असं म्हणाला. मला ते पुरेसं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्या टेबलाची मांडामांड करायला लागले. मुकुंद म्हणाले, हा होयबापणा झाला. मला तसं वाटत नव्हतं. होयबा बैठकीत मान डोलावतो आणि जिन्यात तोंड उघडतो. मी नेमकं उलटं करत होते. एकट्यात मी श्रीनिवासला ‘तू’ म्हणायची, चारचौघांत ‘सर’. 

नव्या थिएटरचं उद्घाटन ठरलं. पूजा करायची आणि लगेच मुहूर्ताचं एक ऑपरेशन. त्यासाठी पेशंट निवडला आमचा शंकरमामा. हा नांदेडकडच्या शेतकरी घरातला. बाप पोटासाठी हैदराबादेत आला आणि शंकरमामा आमच्याकडे लागला तो निवृत्त होईपर्यंत ट्रॉली ढकलत राहिला. ट्रॉली ढकलता ढकलता तो प्रत्येक पेशंटला तीन भाषांत विचारायचा, काही खाल्लं नाही ना, पेट खाली है ना, एमी तिनलेदु कदा? भूल देताना पोट रिकामं लागतं. पोटात अन्न असलं तर बेशुद्धीत ते वर येतं, श्वासाच्या नळीत उतरतं, आणि चांगला धडधाकट माणूस हातचा जातो. आता मामाला हर्निया झाला होता. नव्या थिएटरात पहिला नंबर आपला लागणार म्हणून तो नवरदेवासारखा खूश होता.

त्या सकाळी मी आत यंत्रं तपासत होते. बाहेरच्या दालनात पूजा चालली होती. कापराचा आणि फुलांचा वास आतपर्यंत येत होता. नव्या भिंतींना अजून इस्पितळाचा वास लागला नव्हता. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता, आणि मंत्रांचे शब्द कळत नव्हते, नुसता नाद येत होता. मी तिथे एकटी उभी होते. मनातला सगळा सल थोडा वेळ विसरायला झालं, आणि वाटलं, चला, काही का असेना, घर तर छान झालंय.

मामाला आत आणलं. काचेच्या मोठ्या खिडकीपलीकडे पाहुणे जमले. पुढे आमचे अध्यक्ष शेठजी, सुलतान बाजारातले कापडाचे जुने व्यापारी, ज्यांच्या वडिलांनी इस्पितळ बांधलं. डॉ. मुकुंद पाहण्यासाठी म्हणून हिरवे कपडे चढवून आतच आले होते. श्रीनिवास हात धुऊन, गाऊन-हातमोजे घालून, हात छातीशी धरून उभा होता. मी मामाला नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “नाही मॅडम.” पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

मास्क लावायला मी वाकले. भूलतज्ज्ञाचं नाक पेशंटच्या तोंडापाशी असतं. मामाच्या श्वासाला तुपाचा वास होता, वेलचीचा होता, आणि लाडवात घालतात त्या खाण्याच्या कापराचा होता. बाहेर कापूर जळतच होता, त्यामुळे क्षणभर वाटलं आपल्याला भास झाला. मी मास्क बाजूला ठेवला आणि त्याच्या कानाशी मराठीत विचारलं, मामा, खरं सांग.

त्याचे डोळे भरले. “मॅडम, शेठजींनी आपल्या हातानं परसाद दिला. पहिला तुझा म्हणून. सगळे बघत होते. नक्को कसं म्हणू? आन आता सांगितलं तर श्रीनिवाससाबांचा दिवस खराब होतो.”

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारला, तो स्वतःच्या जिवाशी असा खेळत होता, आणि तेही आमच्या मायेपोटी. लाडू देताना दोन नर्सनी पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याही मिठाची गुळणी धरून बसल्या. शेठजींना कोण अडवणार?

मुकुंद माझ्या खांद्याशी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते कुजबुजले, “बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगा. ज्याला पेशंट सांभाळता येत नाही, तो इस्पितळ काय सांभाळणार?” मी काचेकडे पाहिलं. सगळं गाव जमलेलं होतं. मी दार उघडून एक वाक्य बोलायचं, की श्रीनिवास तिथेच संपला असता. आणि ते वाक्य खरंही होतं. मी कबूल करते, मला त्या वाक्याची गोडी वाटली.

तेवढ्यात श्रीनिवासनं मान वर केली. “मॅडम, शुरू करूं?”

“अब्बी नक्को,” मी म्हटलं, आणि त्याला खुणेनं उशाशी बोलावलं. पाठ काचेकडे केली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, अपघाताचे पेशंट आपण भरल्या पोटीच घेतो ना मॅडम, त्याची तुमची वेगळी तऱ्हा आहे ना? तऱ्हा होतीच. ती मी शेकडो वेळा वापरली होती, आणि मला ती त्याच्याहून चांगली येत होती. मी वापरली असती तर बहुधा काही बिघडलंही नसतं.

“उनको लेना पड़ता,” मी म्हटलं. “इसको लेना नहीं पड़ता. सुलाना के नहीं सुलाना, वो मेरा फैसला है, और वो हो गया. बाहर क्या बोलना, वो तुम्हारा.”

तो हात छातीशी धरून उभा राहिला. काचेपलीकडे शेठजी हसून मान हलवत होते, सुरू करा म्हणून. मामा छताकडे बघत होता. मला वाटलं, आता हा म्हणणार, मी प्रमुख आहे. तसं म्हणायचा त्याला हक्क होता, आणि दुसरा भूलतज्ज्ञ दारातच उभा होता. मग श्रीनिवासनं एक मोजा काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही बादलीत टाकले. मला त्या पोराला मिठीत घ्यावंसं वाटलं, पण त्याच्या अंगावर गाऊन होता आणि माझ्या अंगावर माझं वय.

तो बाहेर गेला. मीही मागोमाग गेले. पेशंटची आज तयारी नाही, मी थांबवलंय, उद्या सकाळी घेऊ, एवढंच तो सांगत होता. मामाचं नाव नाही, प्रसादाचं नाव नाही. पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. शेठजींचा चेहरा लाल झाला. मुहूर्त काय पोरखेळ आहे, असं ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. मी सगळ्यांत जुनी. त्यांनी विचारलं, डॉक्टरम्मा, तुम्ही सांगा, खरंच गरज होती का? मुकुंदही माझ्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, “सरांनी थांबवलं ते बरोबर केलं. आमचा दोघांचा एकच निर्णय आहे.”

शेठजी तडक निघून गेले. मुकुंद पुढे बरेच महिने माझ्याशी बोलले नाहीत.

पण गोष्ट तिथे सोडून चालणार नव्हतं. शेठजी मनानं मोठे, ते उद्या दुसऱ्या कुणाच्या हातावर लाडू ठेवणार. चारचौघांत गप्प बसायचं आणि एकट्यातही गप्प बसायचं, तर मग मी आणि त्या दोन नर्स यांत फरक काय? संध्याकाळी मी श्रीनिवासला म्हटलं, चल, सुलतान बाजार. दोघं चालत शेठजींच्या दुकानावर गेलो. गादीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या हातून मेला असता का, असं त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघांनीही ‘नाही’ म्हटलं नाही. मग ते म्हणाले, इतके लोक होते, मला एकानंही कसं अडवलं नाही? श्रीनिवास म्हणाला, शेठजी, अडवायची सवय लावावी लागते, आमच्यापासून सुरू करू. थोड्या वेळानं शेठजींनी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले, मामाचं ऑपरेशन नीट पार पडेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले, आणि आपण होऊन कुणालाही काही खायला दिलं नाही.

त्या संध्याकाळी दुकानातून निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुलतान बाजारात कापडवाल्यांनी साड्या उलगडून टांगल्या होत्या, आणि दिव्यांच्या उजेडात सगळा रस्ता रंगीत पाण्यातून दिसावा तसा दिसत होता. आम्ही गर्दीतून सावकाश चाललो होतो. कुणालाच घाई नव्हती. दिवसभराचा थकवा अंगात होता आणि तो बरा वाटत होता.

श्रीनिवास म्हणाला, “मॅडम, सच बोलो. ये कुर्सी आपको होना था ना?”

“हौ,” मी म्हटलं. “होना था.”

इतके महिने हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, की मी त्या खुर्चीत असते तर आज काय केलं असतं. सकाळपासून मी स्वतःला तेच विचारत होते. शेठजी काचेपलीकडे, पहिला दिवस, सगळं गाव बघतंय. मी त्याला खरं ते सांगितलं, की माहीत नाही. कदाचित म्हटलं असतं, अपघाताचे घेतो तसं घ्या. “तुझ्या उशाशी मी होते रे,” मी म्हटलं. “माझ्या उशाशी कोण असतं? मला कुणी थांबवलं असतं?”

तो चालता चालता थांबला. त्याला माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं होतं.

“मैं रहता ना, मॅडम,” तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले होते, आणि रस्त्यात फार गर्दी होती. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि आम्ही गौलीगुड्याकडे चालू लागलो.